आलेख की सौद्यांचा ओघ? चलन बाजाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी

परकीय चलनाचा बाजार हा जगातील सर्वांत मोठा बाजार होय. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स ही संस्था दर तीन वर्षांनी त्याची मोजदाद करते. एप्रिल २०२२ मध्ये या बाजाराची दैनंदिन सरासरी उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती. एप्रिल २०२५ मध्ये ती सुमारे ९.६ लाख कोटी डॉलरवर पोहोचली. एवढ्या प्रचंड बाजारात पुढच्या तासाभरात भाव कोणीकडे जाईल, याचा अंदाज बांधण्याचे दोन मुख्य मार्ग सांगितले जातात. एक तांत्रिक विश्लेषणाचा, तर दुसरा ‘ऑर्डर फ्लो’चा, म्हणजे खरेदी-विक्रीच्या सौद्यांचा ओघ वाचण्याचा. अलीकडे शिकवणी वर्गांच्या जाहिरातींतून या दोन्ही शब्दांचा भडिमार होत असतो. त्यामुळे त्यांचा नेमका अर्थ व मर्यादा समजून घेणे आवश्यक ठरते.

आलेखाची भाषा

तांत्रिक विश्लेषक भावाचा इतिहास पाहतो. बाजाराला जे जे ठाऊक आहे ते सर्व भावात उतरलेले असते, भाव एका कलाने वाटचाल करतो आणि माणसाचा लोभ व भीती यांमुळे जुन्या आकृत्या पुन्हा पुन्हा उमटतात, ही या शास्त्राची तीन गृहीतके. चलत सरासरी, आधार पातळी, प्रतिकार पातळी ही त्याची नित्याची हत्यारे. भाव खाली येताना जेथे वारंवार थबकतो ती आधार पातळी, तर वर जाताना जेथे अडखळतो ती प्रतिकार पातळी.

अर्थशास्त्रज्ञांनी या पद्धतीकडे दीर्घकाळ ज्योतिषासारखेच पाहिले. व्यवहारात मात्र चित्र वेगळे होते. मार्क टेलर आणि हेलन ॲलन यांनी लंडनच्या चलन व्यापाऱ्यांची १९८८ मध्ये केलेली पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका आठवड्यापर्यंतच्या अल्प मुदतीसाठी सुमारे ९० टक्के व्यापारी तांत्रिक विश्लेषणाला काही ना काही महत्त्व देतात, असे त्यात आढळले. मुदत वाढत जाई तसा मूलभूत आर्थिक घटकांवरचा भर वाढे.

सौद्यांच्या ओघाचा अर्थ

प्रत्येक सौद्यात एक खरेदीदार आणि एक विक्रेता असतोच. मग खरेदी जास्त झाली असे म्हणायचे तरी कसे? येथे महत्त्व असते ते पुढाकाराला. समजा, एका बँकेने डॉलरसाठी ८४ रुपये ५० पैसे खरेदीचा आणि ८४ रुपये ५१ पैसे विक्रीचा भाव सांगितला. ज्याने पुढे होऊन ८४.५१ ला डॉलर उचलले, त्याचा सौदा खरेदीचा मानला जातो. ज्याने ८४.५० ला डॉलर दिले, त्याचा सौदा विक्रीचा. दिवसभरात ७० लाख डॉलरची खरेदी व ३० लाखांची विक्री अशा पुढाकाराने झाली, तर निव्वळ ओघ ४० लाख डॉलरच्या खरेदीचा झाला. उलाढाल किती झाली यापेक्षा घाई कोणाला होती, हे हा आकडा सांगतो.

या कल्पनेला अभ्यासाचे अधिष्ठान मिळवून दिले ते मार्टिन इव्हान्स आणि रिचर्ड लायन्स यांनी. रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ यांनी १९८३ मध्येच एक अप्रिय सत्य दाखवून दिले होते. व्याजदर, चलनपुरवठा, व्यापार तूट यांवर आधारलेली प्रचलित प्रतिमाने अल्प मुदतीत ‘आजचाच भाव उद्याही राहील’ या साध्या अंदाजापेक्षा सरस ठरत नव्हती. इव्हान्स आणि लायन्स यांनी १९९६ मधील चार महिन्यांचे बँकांमधील सौदे तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. जर्मन मार्क आणि डॉलर यांच्या दैनंदिन दरबदलातील ६० टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ सौदाप्रवाहाने उलगडत होता. येनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. एक अब्ज डॉलरच्या निव्वळ खरेदीमागे डॉलर मार्कच्या तुलनेत साधारण अर्धा टक्का महागत होता.

याचे कारण असे, की निर्यातदार, पेन्शन फंड, तेल कंपन्या यांच्यापैकी प्रत्येकाजवळ अर्थव्यवस्थेविषयी थोडी थोडी माहिती असते. ती जाहीर होत नाही, पण सौद्यांतून बाजारात झिरपते. तथापि एक भेद विसरता कामा नये. घडलेल्या बदलाचा उलगडा होणे वेगळे आणि उद्याचे भाकीत करता येणे वेगळे. या अभ्यासाचे यश प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे आहे.

दोन वाटा कोठे मिळतात

या दोन पद्धती परस्परविरोधी असल्याचे चित्र रंगवले जाते. प्रत्यक्षात त्यांना जोडणारा दुवा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञ कॅरल ऑस्लर यांनी शोधला. वित्तसंस्था आपल्या ग्राहकांना ज्या आधार व प्रतिकार पातळ्या कळवत, तेथे भावाचा कल खरोखरच इतर ठिकाणांपेक्षा अधिक वेळा खंडित होतो, असे त्यांनी २००० मध्ये दाखवले. त्यामागचे कारण त्यांच्या २००३ मधील शोधनिबंधात आहे. त्यांनी एका मोठ्या बँकेकडे ग्राहकांनी नोंदवून ठेवलेल्या सशर्त आदेशांची छाननी केली. नफा पदरात पाडून घेण्याचे आदेश नेमक्या पूर्णांकी भावांवर दाटीने आढळले. तोटा रोखण्याचे, अर्थात ‘स्टॉप लॉस’चे आदेश मात्र पूर्णांकाच्या किंचित पलीकडे साचलेले होते.

परिणाम उघड आहे. भाव पूर्णांकाशी पोहोचला की नफावसुलीचे उलट सौदे त्याला मागे लोटतात. आलेखावर ती प्रतिकार पातळी दिसते. तो अडसर ओलांडला गेला, तर पलीकडचे ‘स्टॉप लॉस’ एकामागून एक पेटतात आणि भाव वेगाने धावतो. आलेखवाचक त्यालाच ‘पातळी फुटली’ असे म्हणतो. म्हणजे आलेख ही पाऊलखूण, तर सौद्यांचा ओघ हे प्रत्यक्ष पाऊल.

ही माहिती कोणाच्या हाती?

खरा प्रश्न येथे सुरू होतो. शेअर बाजाराप्रमाणे हजर चलन बाजाराला एकच मध्यवर्ती ठिकाण नाही. ग्राहकांचे आदेश मोठ्या बँकांच्या टेबलांवर येतात आणि ते इतरांना दिसत नाहीत. किरकोळ व्यापाऱ्याच्या पडद्यावर जी ‘उलाढाल’ दिसते, ती बहुधा त्या दलालाकडे भाव किती वेळा बदलला याचीच मोजणी असते. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजवर १९७२ पासून चलनाचे वायदे होतात. तेथील आकडे खरे असतात, पण तो अफाट बाजाराचा एक कोपरा झाला.

या माहितीचे मोल किती, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये जगाने पाहिले. लंडनमध्ये दुपारी चार वाजता ठरणाऱ्या संदर्भ दराच्या वेळी काही बड्या बँकांच्या व्यापाऱ्यांनी ग्राहकांच्या आदेशांची माहिती आपसांत वाटून घेतल्याचे उघड झाले. ब्रिटन, अमेरिका व स्वित्झर्लंडच्या नियामकांनी सहा बँकांना मिळून सुमारे ४.३ अब्ज डॉलरचा दंड केला. हा दर एका मिनिटातील सौद्यांवरून ठरत असे. फेब्रुवारी २०१५ पासून ती मुदत पाच मिनिटांची करण्यात आली.

दोन्ही पद्धती हतबल ठरतात असे प्रसंगही येतात. स्विस मध्यवर्ती बँकेने १५ जानेवारी २०१५ रोजी एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक काढून टाकली. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली कोसळला. मधल्या भावांना खरेदीदारच उरला नाही आणि असंख्य ‘स्टॉप लॉस’ ठरल्या भावाला पुरे झाले नाहीत.

भारतीय गुंतवणूकदारासाठी

आपल्याकडे रुपयाचा ओघ ठरवतात ते तेल आयातदार, निर्यातदार, परदेशी गुंतवणूक संस्था आणि प्रसंगी रिझर्व्ह बँक. चलनाचे वायदे २९ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले. मात्र ३ मे २०२४ पासून अमलात आलेल्या तरतुदींनी हे स्पष्ट झाले, की रुपयाशी निगडित असे सौदे प्रत्यक्ष परकीय चलनाची जोखीम असणाऱ्यांसाठीच आहेत. दहा कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रे मागितली जात नाहीत, पण जोखीम असावीच लागते.

परदेशी संकेतस्थळांवरून होणारा हजर चलनाचा सट्टा परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ अनधिकृत नावांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली आणि पुढे ती वाढत गेली. युरोपातील नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिलेली माहितीही बोलकी आहे. भावफरकाच्या उसनवारीच्या सौद्यांत तेथील ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जात होती. तेव्हापासून तेथे प्रमुख चलनांसाठी उसनवारी तीसपटीपुरती मर्यादित केली गेली.

तेव्हा आलेख वाचायला शिकण्यात गैर काही नाही, तसेच सौद्यांच्या ओघाचे ज्ञानही उपयुक्तच. पण ‘बँकांचे आदेश आम्ही दाखवतो’ असा दावा कोणी केला, तर ती माहिती त्याच्यापर्यंत आली कशी, हा पहिला प्रश्न विचारावा. त्याचे सरळ उत्तर मिळत नसेल, तर पैसे खिशातच ठेवणे शहाणपणाचे.