मोळी

शिरूरचा आहे म्हटलं की पुण्याकडची माणसं लगेच विचारतात, "घोडनदीचं का?" नाही हो, आमचं शिरूर कासार. बीड जिल्ह्यातलं, सिंदफणेच्या काठचं. आता ते तालुक्याचं गाव झालंय. माझ्या लहानपणी पाटोदा तालुक्यात होतं, आणि कचेरीचं काम निघालं की आजोबांसाठी, म्हणजे आबांसाठी, पहाटेच चुलीवर धपाटी पडायची.

आबा निजामाच्या राज्यात शिकलेले. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात हाली शिक्का. तिकडं डोंगरापलीकडं, पाथर्डीच्या अंगाला गेलं की कलदार रुपया चालायचा. त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला परमुलूख एका दिवसाच्या चालीवर होता. १९४८ साली रझाकारांची धास्ती वाढली तेव्हा आमचं घर बैलगाडीत बसून सरहद्दीपलीकडं एका सोयऱ्याकडं जाऊन राहिलं. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम शरण आला आणि गाडी परत फिरली. त्या गाडीत बाजरीच्या पोत्यात खुपसलेलं एक पुस्तक होतं. 'श्यामची आई'.

आबा सांगायचे, रझाकारांच्या हाती लागू नये म्हणून दडवलं होतं. आजी, तिला आम्ही सगळेच 'बाई' म्हणायचो, ती चुलीपुढून फुंकणी खाली ठेवत म्हणायची, "कुठले रझाकार? ते कवाच पळून गेलते. मामंजींच्या भ्यानं दडवलं. कलदार मोडून पुस्तक घेतलं म्हणून त्यांनी फोडून काढलं असतं." मला बाईचं खरं वाटतं. पण आबांचं सांगणं जास्त रंगायचं, हेही खरं.

साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाचेक दिवसांत लिहून काढलं. दिवसभर तुरुंगातलं काम, रात्री लिहिणं. हे मला पुष्कळ पुढं, मराठीचा मास्तर झाल्यावर कळलं. घरात त्या पुस्तकाची ओळख वेगळी होती. रात्रीची जेवणं झाली, हुलग्याच्या शेंगुळ्यांचं पातेलं खरवडून झालं, की आबा कंदिलापाशी बसायचे आणि आळीतल्या चार बाया पदर सावरत ओसरीवर यायच्या. आबांना मराठी वाचताना अडखळायला व्हायचं. म्हणून वाचन संथ चालायचं आणि बायांना मधे बोलायला भरपूर जागा मिळायची.

त्यात एक प्रसंग आहे. महाराच्या म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली, आणि तिला हात लावायला कुणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. आबांनी हे वाचलं तेव्हा बायांचे डोळे भरून आले, असं आबा सांगत. बाईचे नाही आले. तिनं विचारलं, "मोळी उचलली ते ब्येस केलं. आंघोळ कशाला?"

आबा म्हणाले, "तवा तसंच व्हतं."

"मंग त्या म्हातारीला घरी जाऊन कसं वाटलं आसंल, ते लिव्हलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं. आबांनी पान उलटलं.

आता बाई तरी कुठं वेगळी होती? आमच्या ओसरीच्या कोनाड्यात वरून पाणी घालायचा निराळा तांब्या होता आणि तो बाईच घासून ठेवायची. माझी चुलती, नानी, सांगते की पुढं कधीतरी तो तांब्या घरातल्या भांड्यांत मिसळून गेला. कधी, ते तिलाही धड आठवत नाही. पुस्तकामुळं मिसळला असं लिहून टाकायचा मोह मला होतो. पण तसं कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या मराठी गोष्टीचा उगमच माणूस बदलायच्या असल्या खटपटीत आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. एका गरोदर कुणबिणीला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोला कर्जात लोटतो. ते त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडं पाठवलं आणि कमिटीनं नाकारलं. दोन वर्षांनी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली ही पहिली कादंबरी, आणि ती विधवांच्या हालांवर. मग १८९० नंतर हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्रात यमूची कहाणी क्रमशः छापली तिचं नाव 'पण लक्षात कोण घेतो?'. सुधारणेवर व्याख्यानं झडतच होती. पण यमूचं केशवपन होतं तिथं व्याख्यान उपयोगी पडत नाही, तिथं यमूच लागते. ही पुस्तकं त्या काळी शिरूरपर्यंत आली नाहीत. आली असती, तर त्या गरोदर कुणबिणीला कितवा महिना होता, हे बाईनं आधी विचारलं असतं.

१९७२ चा दुष्काळ मात्र थेट घरात आला. रेशनचा तांबडा मिलो, कामावरची सुकडी, रस्त्याकडेला खडीचे ढीग. मिलोच्या भाकरीची चव विचारली की बाई नुसती तोंड फिरवायची. नदी आटली, विहीर आटली, आणि काका-नानींनी मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडं निघायच्या आणि गावात म्हातारी माणसं नि आम्ही पोरं उरायचो. संध्याकाळी अर्ध्या घरांतून धूर निघायचा नाही.

त्याच ओसरीवर पुढं मी पुस्तकातली 'लाल चिखल' मोठ्यानं वाचली. भास्कर चंदनशिवांची. ते आमच्या शेजारचेच, कळंबकडचे. टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून बाप भर बाजारात स्वतःचा माल तुडवतो आणि पोरगा बघत राहतो. आबांनी विचारलं, "बाजार कुठला? आन् गिऱ्हाईक काय भावानं मागत व्हतं?" वाचून दाखवल्यावर ते गप्प झाले. पंचाच्या तोंडावर असतो तसला गप्पपणा. बाईचा प्रश्न निराळाच, "पोरगं रातच्याला जेवलं का?"

मला तेव्हा हसू यायचं. अशा प्रश्नांना वर्गात गुण नसतात.

२०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला. सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. मी आकडा कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला. आठवड्यानं पाहिलं तर त्यावर चहाचा कप ठेवायची सवय लागली होती. त्या लाजेनंच म्हणा, मी एक गोष्ट लिहिली. कोयत्यावरची बाई, पोटात दुखणं, रात्रीची भरणी. शेवटी ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, वर आभाळातलं चांदणं बघते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. मला तो शेवट फार आवडला होता.

नानीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. तिनं सगळी ऐकली.

"चांदणं कुठलं?" ती म्हणाली. "डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी आसती. बाई वर बघती व्हय? बाई फळीकडं बघती. पाय घसरला तर मोळीसकट खाली."

मी खोडलं.

"आन् तवा रडू येत नसतंय. रडायला बसलं तर मागची खोळंबती. रडायचं आसलं तर कोपीत, पाचट पेटवून च्या ठिवला की. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायचं."

तेही लिहून घेतलं. मग तिनं दुखण्याबद्दल विचारलं, की गोष्टीतल्या बाईनं नवऱ्याला कधी सांगितलं. मी म्हणालो, लगेच. नानी माझ्याकडं नुसती बघत राहिली. काम चुकलं की खाड्याचे पैसे भरावे लागतात, हे मला ठाऊक असून लिहिताना आठवलं नव्हतं.

चांदण्याशिवाय गोष्ट अर्ध्यानं आखूड झाली आणि मला वाटतं, जरा बरी झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा वाचली. या वेळी नानी मान हलवत होती. संपल्यावर सूप बाजूला ठेवून म्हणाली,

"उचल फिटली का तिची शेवटाला?"

"नाही फिटत, नानी. पुढच्या साली परत जावं लागतं."

"मंग फेड की. लिव्हणारा तूच हायस ना?"

मी काहीतरी पुटपुटलो, की तसं केलं तर गोष्ट खोटी होईल, कुणाला पटणार नाही. तिनं ऐकून घेतलं. मग उठून आत गेली आणि येसराच्या आमटीला फोडणी दिल्याचा वास बाहेर आला.

गोष्ट छापायला पाठवली तेव्हा उचल तशीच ठेवली होती. नानीनं परवा फोनवर पुन्हा विचारलं, त्या बाईचं काय झालं म्हणून. मी म्हणालो, रेंज नाही.