प्राथमिक शाळेतील भाषेचा धडा आणि कला : थोडा इतिहास, थोडा अनुभव

आपल्या कुंभार समाजाच्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. विद्वत्तेचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. परंतु ज्या वर्गात जन्मभर खडू झिजविला, त्या वर्गातील एका प्रश्नाचा इतिहास सांगण्याचा अधिकार आम्हांस असावा. लहान मुलांस वाङ्मयाची गोडी लावावयाची ती केवळ शब्दार्थ पाठ करवून, की गाणे, नाट्य, चित्र आणि मातीकाम यांच्या संगतीने? हाच तो प्रश्न होय.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांस अक्षरओळख नव्हती, तरी वाङ्मय त्यांच्या कानांवर सतत पडत होते. देवळात कीर्तन, जत्रेत भारूड, चावडीपुढे पोवाडा, पहाटे जात्यावर ओवी! शब्द आणि सूर, कथा आणि अभिनय हे त्यांच्या लेखी वेगळे नव्हतेच. पुढे शाळा आली. ती आली हे आपले महद्भाग्य, यात शंका नाही. परंतु शाळेत कविता आली ती चाल गमावून, आणि गोष्ट आली ती स्वाध्यायाचे प्रश्न पाठीवर घेऊन.

या कोरड्या शिक्षणाविरुद्ध आपल्या शेजारच्या गुजरातेत एका वकिलाने बंड केले. गिजुभाई बधेका हे त्यांचे नाव. जन्म १८८५ चा. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता वाहता वाहता ते डॉ. माँटेसरी यांच्या विचारांकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांचे 'दिवास्वप्न' हे छोटे पुस्तक प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. त्यातील शिक्षक चौथीच्या वर्गात पाठ्यपुस्तक बाजूस ठेवतो आणि प्रथम गोष्टी सांगू लागतो. पुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभारतो. मुले ऐकलेल्या गोष्टींची नाटके करतात. वरिष्ठ हसतात, सहकारी नाके मुरडतात. परंतु मुले मात्र वाचू लागतात.

हा विचार महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांचे. भावनगरास गिजुभाईंच्या सोबतीने काम करून १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांसाठी शाळा चालविल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांमागे ती कुरणातही गेली. मुलाचे घर, त्याचे गाणे, त्याच्या हातचे काम यांस शाळेने परके मानू नये, हा कोसबाडचा धडा आहे.

आता आमची कबुली. १९८६ च्या सुमारास आम्ही एका खेड्यात चौथीचा वर्ग घेत होतो. वर्गात आपल्याच समाजाचा एक मुलगा होता. हातापायांस चिखल लागलेला, वाचनात मागे. एके दिवशी मळक्या बोटांनी त्याने पुस्तकाचे पान मळविले, म्हणून आम्ही त्यास सर्वांदेखत टाकून बोललो. आम्ही स्वतः चाकाच्या घरात जन्मलेले, आणि मातीची लाज आम्हीच त्या पोरास शिकविली! दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना.

त्याच दिवसांत 'दिवास्वप्न' आमच्या हाती पडले. वाचून रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्याच्या घरी गेलो. वडिलांपुढे हात जोडले आणि म्हणालो, "उद्या पोरास पाठवा, आणि त्याच्यासंगे तुमचे थापटणेही द्या."

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तेरच्या संत गोरोबाकाकांची कथा लावली. संतमेळ्यात कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के, हे गोरोबांनी थापटण्याने पारखले आणि नामदेवांस कच्चे ठरविले, ती ही आख्यायिका. त्या मुलास गोरोबा केले. खरे थापटणे हाती घेऊन तो एकेका मुलाच्या मस्तकावर हलकेच टेकवू लागला. वर्ग हसून लोटपोट झाला. मग आम्ही विचारले, "का रे, कच्चे मडके आवाजावरून कसे ओळखतात?" जो पोर तोंड उघडत नसे, तो बोलू लागला. माती कशी मळतात, तीत राख का घालतात, आवा कसा रचतात, नीट न भाजलेले मडके कसे बद्द वाजते! आम्ही फळ्यावर त्याचेच शब्द लिहीत गेलो. त्या दिवशी वर्गाने त्याचे शब्द वाचले, आणि त्यानेही वाचले. नामदेवांस राग का आला असावा, हेही मुलांनी आपणहून सांगितले. त्या मेळ्यातील कच्चे मडके खरोखर कोण होते, हे मात्र आमचे आम्हांस कळले होते.

आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची सांगड सर्व विषयांशी घालावी असे म्हटले आहे. आनंद वाटतो. परंतु धोरण कागदावर असते, मूल वर्गात असते. दोहोंमधील अंतर शिक्षकाने आणि समाजाने मिळून तोडावयाचे आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती. आपल्या गावच्या शाळेत वर्षातून एक दिवस तरी चाक घेऊन जा. घरातील वृद्ध आजीस ओव्या म्हणावयास पाठवा. फीची आणि गणवेशाची चौकशी आपण करतोच. त्यासोबत गुरुजींना एवढेही विचारा, की आमच्या पोराच्या घरातले काही तुमच्या धड्यात येते काय? माती ओली आहे तोवरच तिला आकार देता येतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.