हळदीचे शास्त्रीय नाव आणि पाली ‘सिंगिवेर’

हिंगोली व वसमत येथील हळदीच्या बाजारात ‘कुरकुमीन’ हा शब्द आता शेतकऱ्यांच्याही तोंडी रुळला आहे. हळदीतील हे पिवळे द्रव्य व्होगेल व पेलेत्ये यांनी १८१५ मध्ये वेगळे केले. त्याचे नाव हळदीच्या ‘कुर्कुमा’ या लॅटिन नावावरून पडले आणि ते नाव अरबी ‘कुर्कुम’वरून आले. पण कुर्कुम म्हणजे मुळात केशर! संस्कृत ‘कुंकुम’ म्हणजेही केशरच. हे दोन्ही शब्द एकमेकांचे नातलग मानले जातात. मूळ कोणाचे, याविषयी एकमत नाही. मराठीतही असेच घडले. कुंकुमाचे ‘कुंकू’ झाले आणि ते हळदीपासून तयार होऊ लागले. महाग केशराचे नाव दोन्हीकडे स्वस्त हळदीकडे आले.

याहून महत्त्वाचा शब्द हळदीच्या कुलनामात आहे. शास्त्रीय परिभाषा म्हणजे ग्रीक-लॅटिन, नाहीतर संस्कृत, अशी आपली समजूत शाळेपासून करून दिली जाते. लोकभाषेचा तेथे उल्लेखही नसतो. वनस्पतिशास्त्र हळद व आले यांचा समावेश ‘झिंजिबरेसी’ या एकाच कुलात करते. आल्याच्या ‘झिंजिबर’ या लॅटिन नावाचे मूळ ग्रीक ‘झिंगिबेरिस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने ते नोंदविले आहे. ग्रीकांकडे हा शब्द कोठून गेला, हे पाहण्यासाठी विनयपिटकातील महावग्गाचा भेसज्जक्खंधक उघडावा. आजारी भिक्खूंसाठी तथागतांनी ज्या मुळांना औषध म्हणून अनुज्ञा दिली, त्यांत ‘हलिद्दि’ पहिली आणि ‘सिंगिवेर’ दुसरे आहे. सिंगिवेर म्हणजे आले. ‘सिंगिवेर’ आणि ‘झिंगिबेरिस’ शेजारी ठेवले की नाते वेगळे सांगावे लागत नाही.

संस्कृतात ‘शृंगवेर’ असा शब्द आहे. शिंगासारख्या आकारामुळे हे नाव पडले, असे स्पष्टीकरण दिले जाते. भाषाशास्त्रज्ञांचे मत मात्र वेगळे आहे. तमिळमध्ये आल्याला ‘इंजि’ व मुळाला ‘वेर’ म्हणतात. मूळ शब्द द्राविडी असून ‘शृंग’ हा त्यावर मागाहून झालेला संस्कार होय. आम्हांस हेच मत अधिक पटते. तसे असेल तर हा शब्द संस्कृतातून लोकांपर्यंत उतरलेला नसून लोकांकडून संस्कृतात गेलेला आहे.

आपली ‘हळद’ही पाली ‘हलिद्दि’, प्राकृत ‘हलद्दा’ यांच्याच घरची. वसमतच्या हळद संशोधन केंद्राच्या नावात ‘हरिद्रा’ हा शब्द योजला आहे. कुंपणापलीकडच्या शेतातील माणूस मात्र ‘हळद’ म्हणतो आणि उच्चाराने तो भेसज्जक्खंधकाच्या अधिक जवळ असतो.