बॅच प्रक्रियेतील संदेश-जोडणी

संदेश-जोडणी चौकट, म्हणजे व्यवसायात रूढ झालेल्या शब्दांत इंटिग्रेशन फ्रेमवर्क : निरनिराळ्या संगणक यंत्रणांमध्ये संदेशांची ने-आण, रूपांतर आणि वाटणी करणारी तयार सॉफ्टवेअर रचना. बॅच प्रक्रिया म्हणजे साठलेल्या हजारो-लाखो नोंदी एकाच कामात, मध्ये माणसाचा हात न लागता निकाली काढणे. चौकट संदेश आला की लगेच हलते. बॅच गठ्ठा जमेपर्यंत थांबते. स्वभावाने भिन्न असलेल्या या दोन पद्धती मोठ्या रकमांच्या वाटपात एकत्र आणाव्या लागतात.

वऱ्हाडात याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पीएम-किसान सन्मान निधी. 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झालेल्या या योजनेत पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत मिळतात. सोळावा हप्ता 28 फेब्रुवारी 2024 रोजी यवतमाळमधून आणि अठरावा 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीममधून वितरित झाला. दोन्ही जिल्हे अमरावती महसूल विभागातले. मंचावर कळ दाबली जाते तेव्हा देशभरातील नऊ कोटींहून अधिक खात्यांचे काम सुरू होते. अकोट, तेल्हारा, दर्यापूर किंवा अचलपूरच्या शेतकऱ्याचा हप्ता त्यातली एक नोंद असते. राज्य सरकार आरएफटी, म्हणजे रक्कम हस्तांतराची मागणी, डिजिटल सहीने पुढे पाठवते. केंद्राची पीएफएमएस ही सार्वजनिक वित्त व्यवस्थापनाची यंत्रणा पडताळणी करते, एफटीओ म्हणजे हस्तांतराचा आदेश निघतो आणि आधार पेमेंट ब्रिजमार्गे पैसे बँकेत जातात. ‘आरएफटी साइन झाली, एफटीओ अजून नाही’ हे वाक्य आता गावच्या सेवा केंद्रातही ऐकू येते. एका गठ्ठ्याच्या प्रवासातले हे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या संस्थेच्या हाती आहे.

अशा साखळ्यांचे शास्त्र ग्रेगर होप आणि बॉबी वूल्फ यांच्या 2003 मधील ‘एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या ग्रंथाने मांडले. त्यात 65 रचनाबंध आहेत. फाइलची देवाणघेवाण, सामायिक डेटाबेस, दूरस्थ आवाहन आणि संदेशवहन असे जोडणीचे चार मार्ग त्यांनी सांगितले. पहिला मार्ग बॅचचा जुना मार्ग, चौथा चौकटींचा. ॲपाची कॅमल (2007) आणि स्प्रिंग इंटिग्रेशन या चौकटी याच ग्रंथाच्या परिभाषेवर उभ्या आहेत. बॅचसाठी स्प्रिंगसोर्स आणि ॲक्सेंचर यांनी मिळून घडवलेली स्प्रिंग बॅच मार्च 2008 मध्ये 1.0 आवृत्तीला पोचली. पुढे 2013 मध्ये जावा ईई 7 मध्ये बॅचचे प्रमाणित मानकही आले.

केवळ चौकटीवर बॅच चालवता येते. कॅमल फाइल उचलते, स्प्लिटर तिचे ओळीओळीने संदेश करतो, ॲग्रिगेटर निकाल पुन्हा गोळा करतो. फाइल संपूर्ण स्मरणात न घेता प्रवाहासारखी वाचण्याची सोयही आहे. काही हजार नोंदींसाठी हे पुरेसे असते. खरा प्रश्न काम मध्येच बंद पडल्यावर येतो. समजा, तीन लाख नोंदींपैकी एक लाख चाळीस हजार झाल्या आणि वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले तर काही खात्यांत रक्कम दोनदा जाईल. स्प्रिंग बॅच यासाठी स्वतःची खतावणी ठेवते : कोणते काम, कोणती पायरी, कितव्या तुकडीपर्यंत. नोंदी समजा हजाराच्या तुकडीत वाचून, तपासून, लिहिल्या जातात आणि प्रत्येक तुकडीचा व्यवहार एकत्र पक्का होतो. काम पुन्हा सुरू केले की शेवटच्या पक्क्या तुकडीपासून पुढे चालते. कॅमलमध्ये एकदा झालेला संदेश पुन्हा न घेण्याची सोय आहे, पण पूर्ण कामाची अशी खतावणी नाही. म्हणून मोठ्या रकमांच्या कामात चौकटीने फक्त वर्दी द्यावी, गठ्ठा वाहू नये, हेच योग्य. फाइल पूर्ण उतरली हे चौकट ओळखते, फाइलचा पत्ता आणि तारीख असलेला छोटा संदेश बॅचकडे पाठवते, काम संपल्यावर निकाल संबंधितांना कळवते. अर्धवट उतरलेली फाइल उचलणे ही इथली सर्वांत घातक चूक. त्यावर उपाय म्हणजे मूळ फाइल पूर्ण झाल्यावरच ठेवली जाणारी वेगळी खूण-फाइल. काम एका संगणकाला झेपेनासे झाले तर तुकड्या संदेशांच्या रांगेतून अनेक संगणकांवर वाटता येतात.

तुकड्यांनी काम करण्याची हीच सावधगिरी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत महाराष्ट्र सरकारने पाळली, हे उल्लेखनीय. 27 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने दोन लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ करायचे ठरले. 24 फेब्रुवारी 2020 च्या पहिल्या यादीत मात्र फक्त 68 गावांतील 15,358 नावे होती. बँकांकडून माहिती, गावात यादी, आधार प्रमाणीकरण, मग रक्कम असा क्रम होता. रक्कम किंवा आधार जुळत नसेल तर शेतकऱ्याला तक्रार नोंदवता येत होती. लहान तुकडीने आधी साखळी तपासून घेण्याचा हा निर्णय तांत्रिकदृष्ट्याही शहाणपणाचा होता.

नाकारलेल्या नोंदींकडे रचनाकारांचे लक्ष सर्वांत कमी जाते, आणि त्रास तिथेच साठतो. आधार पेमेंट ब्रिज रक्कम खाते क्रमांकावर पाठवत नाही. आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत पाठवतो. अकोला जिल्हा मध्यवर्ती बँकेचे पासबुक घेऊन वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने पुढे दुसऱ्या बँकेत खाते उघडून आधार तिथे जोडले असेल, तर हप्ता त्या दुसऱ्या खात्यात पडतो. जोडणीच नसेल, खाते बंद असेल किंवा ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, राहिली असेल, तर हप्ता अडतो. चौकटींमध्ये अशा संदेशांसाठी डेड लेटर चॅनल असते, स्प्रिंग बॅचमध्ये चुकीची नोंद वगळून पुढे जाण्याची सोय असते. पण वगळलेली नोंद कारणासह कुणाच्या तरी टेबलावर पोचली नाही, तर संगणकाच्या लेखी काम यशस्वी ठरते आणि एक घर हप्त्याविना राहते.

स्प्रिंग बॅच, स्प्रिंग इंटिग्रेशन आणि कॅमल या तिन्ही ॲपाची 2.0 या खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. अमरावती, बडनेरा, अकोल्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी त्यांवर प्रयोग करताना सुरुवात नाकारलेल्या नोंदींच्या परतीच्या मार्गापासून करावी.