ख्रिस्तपुराण

थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोव्यात रचलेले व १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापलेले सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी काव्य. देवाने मानवी देह धारण केला, या नाताळच्या मूळ श्रद्धेचे चिंतन त्यात पुराणकथनाच्या रीतीने येते. ओवीचा स्वीकार हा केवळ धर्मप्रसाराचा डावपेच होता, असा आक्षेप घेता येतो. परंतु जुन्या पुराणांच्या जागी नवे काही हवे, ही मागणी काव्याच्या प्रास्ताविकात नवख्रिस्ती श्रोत्याच्याच तोंडी आहे. अवतारकल्पनेशी गल्लत होण्याची शंकाही रचना पाहता टिकत नाही : ‘पहिले पुराण’ सृष्टीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत येते, तर ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्र सांगते. त्यामुळे बेथलेहेममधील जन्म युगायुगांत पुन्हा घडणारा न राहता इतिहासात एकदाच घडलेला ठरतो. देवाने माणसाची स्थिती स्वीकारली, असे सांगणाऱ्या काव्याने श्रोत्यांचा छंद स्वीकारावा, हे त्याच्या आशयाशी सुसंगतच आहे.