सायकलस्वार आणि वाटेवरची माणसे

व्याख्याने ऐकून काय होते, असा प्रश्न आम्हांस कामगारांच्या सभेत पुष्कळ वेळा विचारला गेला आहे. विचारणारा बहुधा दिवसभर जिनात राबून आलेला असतो, म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही. परंतु या प्रश्नाला आमच्याजवळ एक उत्तर आहे. १९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच गृहस्थाचे जाहीर व्याख्यान झाले. हा गृहस्थ युरोपातून हिंदुस्थानापर्यंत पायी चालत आला होता. श्रोत्यांत काही पारशी तरुण होते. व्याख्यान संपले, लोक आपापल्या घरी गेले. या तरुणांच्या डोक्यातून मात्र ते काही केल्या गेले नाही. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा सभासद सायकलींवर बसून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले.

आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. तो काळ शरीर कमावण्याचा होता. अमरावतीकरांना हे निराळे सांगावयास नको. वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि त्याच मंडळाचे पथक १९३६ साली थेट बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. गुलाम देशातील तरुणांना आपल्या दंडातील बळ जगापुढे मांडावेसे वाटत होते. मुंबईच्या तरुणांनी त्यासाठी सायकल निवडली, एवढेच.

पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडून ते इराणात शिरले. बलुचिस्तानात झियारतजवळचा डोंगर त्यांनी कंबरभर बर्फातून पार केला. बगदादहून अलेप्पोपर्यंतचे सुमारे ९५० किलोमीटरचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत तुडवले. पुढे युरोप, इंग्लंड, अमेरिका, मग जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश असे करीत १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले. एकूण ७१,००० किलोमीटर, साडेचार वर्षांना एक महिना कमी. परंतु परतले ते तिघेच. कापडिया तेहरानहूनच माघारी वळले. हाथीराम यांनी अमेरिकेत राहण्याचे ठरवले आणि त्या निर्णयाने खट्टू होऊन पोचखानावाला बोटीने घरी आले. सहा निघावेत आणि तीन पोहोचावेत, हे प्रमाण संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसास फारसे चकित करीत नाही.

त्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन १९३१ साली निघाले. त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यांच्या मागोमाग १९२४ साली फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव नावाचा एक ऑस्ट्रियन जोडीदार मिळाला आणि दोघांनी सहारा व ॲमेझॉनचे रान पालथे घातले. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघाले, ते परतले १९४२ साली. त्यांनी अफगाणिस्तानातील प्रवासावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले आहे.

आता आमचा मुद्दा. आम्ही शाळेत फार दिवस गेलो नाही. इंग्रजी जे काही आले ते शब्दकोश मांडीवर घेऊन, युनियनच्या कचेरीत रात्री दिवा जाळून आले. अशा रीतीने शिकलेल्या माणसास एक खोड लागते. राजाने किल्ला बांधला असे वाचले की, दगड कोणी वाहिले, असे तो विचारतो. सायकलस्वारांच्या हकिगती वाचतानाही आमच्या मनात हेच येते की, या लोकांना रोज संध्याकाळी जेवू कोणी घातले?

कारण सायकलीची रीतच तशी आहे. आपली साधी काळी सायकल वीसेक किलो भरते. तिच्यावर कपडे, पंप, पाने, ट्यूबचे तुकडे लादले की अन्नपाण्याला जागा उरते ती दोन दिवसांपुरती. बोटीचा उतारू आपले घर बरोबर घेऊन जातो, आगगाडीचा उतारू झोपेत मुलूख ओलांडतो. सायकलवाल्याला मात्र दिवसभरात सत्तर-ऐंशी किलोमीटर कापून सूर्य मावळता मावळता कोणाच्या तरी दाराशी उभे राहावेच लागते. बगदाद ते अलेप्पो या पट्ट्यात पाणी कोठे आहे हे नकाशाहून तेथल्या उंटवाल्यास अधिक ठाऊक असते. २३ दिवसांचा तो पराक्रम आम्ही कमी लेखीत नाही; परंतु ज्याला विहीर ठाऊक होती त्याची त्या पराक्रमात काही पाती होती की नव्हती?

हे आम्हांस पुस्तकाने शिकवले असे म्हणणे खोटे होईल. १९९४ च्या मे महिन्यात जिन-प्रेसच्या कामगारांचे एक आंदोलन चालू होते. निधीची पेटी रिकामी झालेली. अकोल्याच्या साथींना एक निरोप तातडीने पोचवायचा होता, आणि एस.टी.चे भाडे वाचवावे म्हणून आम्ही अमरावतीहून पहाटे तीनला सायकल काढली. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू, अकोला. शंभराच्या आत-बाहेर किलोमीटर. आशिया खंडाच्या मानाने हे अंतर म्हणजे काहीच नव्हे. परंतु वऱ्हाडातले मे महिन्याचे ऊन ज्याने खाल्ले आहे तो हसणार नाही.

नऊच्या सुमारास एका खेड्यात, रस्त्यालगतच्या घरी आम्ही पाणी मागितले. घरधनी सज्जन दिसत होते. तांब्या घेऊन बाहेर आले, कोठून आलात म्हणून विचारले, मग नाव विचारले. नाव सांगितले. "पूर्ण नाव?" आम्ही आडनाव सांगितले. त्यांनी तांब्या आमच्या हाती दिला नाही. वरून धार धरली आणि आम्ही ओंजळीने प्यालो. शिवी नाही, कडवा शब्द नाही. पाणीही पोटभर दिले. त्या गृहस्थांचा आम्हांस त्या दिवशीही राग आला नाही, नुसता सायकलीवर बसायचा उत्साह गेला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे फ्रीव्हील गेले. पायडल मारावे आणि चाकाने जागचे हलू नये. तीन-चार किलोमीटर सायकल ढकलीत नेल्यावर कडुनिंबाखाली टिनाचे एक दुकान लागले. पुढे पाण्याचे घमेले, तारेला टांगलेले जुने टायर, आणि तेलकट बनियन घातलेला एक म्हातारा मिस्त्री. त्याने आमच्याकडे बघितले, सायकलीकडे बघितले, आणि माठातल्या पाण्याचा गडवा आमच्या हातात दिला. नंतर शिदोरीतली ज्वारीची अर्धी भाकर, ठेचा आणि कांदा पुढे सारला. आम्ही खात होतो तेवढ्यात त्याने पेटीतले एक जुने फ्रीव्हील शोधून बसवले. "कोणीकडे चालले भाऊ?" हा प्रश्न त्याने चाक घट्ट करताना विचारला. आम्ही सांगितले. पैसे काढले तर म्हणाला, "पैशे राहू द्या न भाऊ. लोकाइचं काम हाय. अकोल्यावाल्याइले सांगजा, मूर्तिजापूरवाला इचारत होता म्हणून." निघताना त्याने आमचे नाव विचारले. त्याचे विचारायचे आम्ही विसरलो.

त्या दिवसापासून प्रवासवर्णन हाती आले की आम्ही एकच गोष्ट शोधतो. यजमानाने नाव पाण्याच्या आधी विचारले की नंतर? पठाणांच्या रिवाजात पाहुणचाराला 'मेलमस्तिया' म्हणतात. दाराशी आलेल्याला अन्न आणि आसरा देणे हे तेथे घराच्या अब्रूचे काम मानले जाते. अरबांत तर पाहुण्याला तीन दिवस त्याचे काम विचारू नये असा जुना संकेत आहे. या रिवाजांच्या भरवशावरच आशियातले रस्ते चालू होते. अर्थात सगळाच गोडवा नव्हता. फ्रँक लेन्झ हा अमेरिकन सायकलस्वार १८९४ साली तुर्कस्तानात मारला गेला. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ साली एकटी सायकलीवरून दिल्लीस आली, तेव्हा तिच्याजवळ पिस्तूल होते आणि ते तिला वापरावेही लागले. तरीही अफगाण लोकांवर तिने जीव लावला, आणि प्रवास संपल्यावर ती हिंदुस्थानात तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी राबली.

मात्र वाट अडवण्याचे काम बहुतेक वेळा सरकारांनी केले. टॉमस स्टीव्हन्स हा उंच चाकाच्या सायकलीवरून जगप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य. त्याला १८८६ साली अफगाण अधिकाऱ्यांनी फराहहून परत फिरवले. बिचारा लांबचा वळसा घालून समुद्रमार्गे कराचीस आला, रेल्वेने लाहोरास गेला आणि तेथून सायकलीने कलकत्त्यापर्यंत.

परक्या मुलखाच्या पाहुणचाराचे कौतुक करताना आपल्या दाराकडेही पाहावे लागते. आपल्याकडे वाटसरू काही थोडे नव्हते. पंढरीची वाट शेकडो वर्षे चालू आहे. परंतु त्या वाटेच्या शेवटी सर्वांना सारखे छप्पर मिळत नव्हते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी जन्मभर पायी हिंडून हे पाहिले, आणि पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याच्या हाती खापर आणि खराटा त्या माणसाला प्रवाशाची गरज नेमकी कळली होती.

म्हणूनच सर्व सायकलस्वारांत आम्हांस जवळचा वाटतो तो ओरिसाचा प्रद्युम्नकुमार महानंदिया. अस्पृश्य मानलेल्या घरात जन्मलेला हा चित्रकार दिल्लीत कॅनॉट प्लेसला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रे काढीत असे. तेथे त्याला एक स्वीडिश तरुणी भेटली. ती मायदेशी परतली. विमानाचे पैसे याच्याजवळ कोठून येणार? त्याने होते-नव्हते ते विकले, एक जुनी सायकल घेतली आणि जानेवारी १९७७ मध्ये अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान या वाटेने निघाला. वाटेत लोकांची चित्रे काढून द्यावी, त्यांनी जेवू घालावे, असा त्याचा व्यवहार. मे महिन्याच्या अखेरीस तो स्वीडनला पोहोचला. ज्याला शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसावे लागले होते, तो अनोळखी मुलखांत अनोळखी ताटांवर जेवत गेला. तेथे कोणाला त्याची जात वाचता येत नव्हती, हेही त्याचे एक कारण असेल.

त्यानंतर दोनच वर्षांनी ती वाट मोडली. १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. पासपोर्टाचा कायदा आपल्याकडे १९२० सालचा, म्हणजे मुंबईच्या सहा तरुणांनाही कागद लागलेच. परंतु मुंबई ते बगदाद अशी वाट त्यांच्यासाठी मोकळी होती. आज वाघा ओलांडून सायकल पुढे नेणे हे सामान्य भारतीयाला जवळजवळ अशक्य झाले आहे. तरी माणसे निघतातच. नितीन सोनवणे हा आपल्या महाराष्ट्रातला तरुण २०१६ साली शेजारच्या सेवाग्रामहून शांतीचा निरोप घेऊन निघाला आणि चाळीसहून अधिक देश फिरून आला.

मूर्तिजापूरच्या त्या मिस्त्रीचे दुकान आम्ही पुढे दोन-तीनदा शोधले. रस्ता रुंद झाला, कडुनिंब गेला, दुकानही गेले. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोह्याचा होता. येथे ७२० माणसे रात्रंदिवस राबत होती. आम्ही दोघे सहकारी एका रात्री ते काम बघायला गेलो. यंत्रांचा धूर, दिव्यांचा झगमगाट, पायांखालून चटका देणारा ताजा रस्ता. पाळी बदलून कडेला बसलेल्या चार-पाच मजुरांनी सरकून आम्हांस जागा केली आणि आपल्या किटलीतला चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर आम्ही सवयीप्रमाणे वही काढली आणि त्यांची नावे विचारली. पहिल्याने सांगितले. दुसऱ्याने थोडा वेळ आमच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "किसलिए?"