निजण्याच्या खोलींतील प्रयोगशाळा

मुलीनें विद्यापीठांत जाऊं नये, असें इटलींतील तुरीन शहरच्या एका ज्यू इंजिनियराचें मत होतें. परंतु त्यांची कन्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी हिनें विसाव्या वर्षीं त्यांची संमति मिळविली आणि १९३६ सालीं वैद्यकाची पदवी घेतली. प्राध्यापक ज्युसेप्पे लेव्ही यांच्या हाताखालीं तिनें मज्जातंतूंचा अभ्यास आरंभिला. तोंच १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनीं विद्यापीठाचें द्वार तिला बंद केलें.

तेव्हां तिनें निजण्याच्या खोलींतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रें केलीं. कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या अवयवाचा अंकुर कापला असतां त्याच्याकडील मज्जापेशी उत्पन्न होतात, वाढूं लागतात, आणि मग मरतात, असें तिला आढळलें. पदच्युत झालेले गुरु लेव्ही तेथें तिचे साहाय्यक झाले! स्वदेशीं ज्यूंच्या लेखांना बंदी; म्हणून तिचें संशोधन बेल्जममध्यें प्रसिद्ध झालें.

तें वाचून व्हिक्टर हॅम्बर्गर यांनीं तिला अमेरिकेस बोलाविलें. १९४७ सालीं ती सेंट लुई येथील विद्यापीठांत गेली. मज्जापेशींना जगविणारें व वाढविणारें द्रव्य पुढें सांपडलें, आणि १९८६ सालीं स्टॅन्ली कोहेन यांच्यासह तिला नोबेल पारितोषिक मिळालें. मज्जापेशी कां मरतात, हा प्रश्न मात्र विद्यापीठाचें द्वार बंद असतांना त्या खोलींतच तिच्यापुढें उभा राहिला होता.